भगिनी, कन्या आणि माता : पाकिस्तानातील महिला राजकीय नेतृत्वाचा एक अभ्यास

प्रास्ताविक

२ डिसेंबर १९८८ रोजी बेनझीर भुट्टो यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली. मुस्लिम बहुसंख्य देशाच्या शासनप्रमुखपदी निवडणुकीच्या मार्गाने स्त्री येण्याचा आधुनिक काळातील हा पहिलाच प्रसंग होता. त्यावेळी त्यांचे वय ३५ वर्षांचे होते व त्यांचा पहिला मुलगा अवघ्या अडीच महिन्यांचा होता. या घटनेवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. इस्लामने स्त्रीला राज्यकारभाराची मुभा दिलेली नाही, त्यामुळे ही निवड शरियतविरोधी आहे, असे काही उलेमांनी म्हटले. उलट, पाश्चात्त्य शिक्षणामुळे धर्माच्या बंधनातून मुक्त झालेली ही स्त्री आहे, म्हणूनच ती या पदापर्यंत पोहोचली, असा सूर परदेशी वृत्तपत्रांतून निघाला.

वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु धर्मनिष्ठ मुस्लिम समाज आणि स्त्रीचे राजकीय नेतृत्व या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे गृहीत दोन्हींच्या मुळाशी आहे. वस्तुस्थिती मात्र या गृहीताला दुजोरा देत नाही. बेनझीर यांच्यानंतर बांगलादेशात १९९१ मध्ये खालिदा झिया, तुर्कस्तानात १९९३ मध्ये तान्सू चिल्लेर आणि इंडोनेशियात २००१ मध्ये मेगावती सुकर्णोपुत्री सर्वोच्च राजकीय पदावर आल्या. तेव्हा प्रश्न ‘असे घडू शकते का’ हा नसून ‘ते कसे घडले आणि त्याची किंमत काय’ हा आहे.

राज्यशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना वर्गात हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात मुख्यतः पाकिस्तानचे उदाहरण घेतले आहे व तुलनेसाठी अन्य देशांचा आवश्यक तेवढा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या नेत्यांनी आपले स्त्रीपण झाकून ठेवले नाही, तसेच समाजाच्या स्त्रीविषयक कल्पनांविरुद्ध उघड बंडही केले नाही. समाजाला आधीपासून मान्य असलेल्या भगिनी, कन्या, पत्नी, माता या नात्यांच्या आधाराने त्या सार्वजनिक जीवनात आल्या. परंतु ज्या नात्याने त्यांना प्रवेश मिळवून दिला, त्याच नात्याने त्यांच्या कर्तृत्वाला मर्यादाही घातल्या.

धर्मशास्त्रीय वादाचे स्वरूप

स्त्रीच्या नेतृत्वाला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे सहीह बुखारीतील हजरत अबू बक्रा यांनी कथन केलेली हदीस. इराणच्या किस्राच्या कन्येला राज्यपदावर बसविल्याचे वृत्त प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळले, तेव्हा आपला कारभार स्त्रीच्या हाती सोपविणाऱ्या समाजाचे भले होणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले, असे या हदीसमध्ये आले आहे. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या हदीसच्या कथनाचा प्रसंग तपासला. हजरत आयेशा (र.) यांनी नेतृत्व केलेल्या जमलच्या लढाईनंतर (इ. स. ६५६), म्हणजे मूळ प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी, ती सांगितली गेली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मर्निसी यांची ही मांडणी पारंपरिक उलेमांना मान्य नाही. तथापि, हदीसचा संदर्भ तपासण्याची शिस्त ही मुळात मुहद्दिसांचीच आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

स्त्रीच्या नेतृत्वाचे समर्थक कुरआनातील सूरह नम्लकडे बोट दाखवितात. त्यात सबाच्या राणीची कथा आहे. ती आपल्या सरदारांचा सल्ला घेते, युद्धाचे परिणाम ओळखते आणि शेवटी ईमान आणते. तिच्या राणीपदाबद्दल तेथे दोषाचा एकही शब्द नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

या दोन टोकांच्या मधली एक भूमिकाही आहे. मौलाना अश्रफ अली थानवी यांच्या फतव्यांत एकाधिकाराने चालणारी राजवट आणि सल्लामसलतीने चालणारी राजवट असा भेद केलेला आढळतो. दुसऱ्या प्रकारात स्त्री ही निर्णय घेणाऱ्या मंडळाची केवळ एक घटक असते, म्हणून हदीसमधील इशारा तिला लागू होत नाही, असा त्याचा आशय आहे. पुढे बेनझीर यांच्या काळात या मताचा आधार घेतला गेला व त्यावर टीकाही झाली.

पाकिस्तानच्या राज्यघटनेतही या वादाचे प्रतिबिंब दिसते. १९५१ मध्ये विविध पंथांच्या उलेमांनी एकत्र येऊन २२ तत्त्वे मांडली. त्यांत राष्ट्रप्रमुख मुस्लिम पुरुष असावा, असे एक तत्त्व होते. १९७३ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष मुस्लिम असण्याची अट घातली; पुरुष असण्याची घातली नाही. धर्मशास्त्राच्या चर्चेत न सुटलेला प्रश्न राज्यघटनेने अशा रीतीने मोकळा ठेवला.

भोपाळची पूर्वपीठिका

पाकिस्तानकडे वळण्यापूर्वी भारतीय उपखंडातील एका जुन्या उदाहरणाची नोंद घेणे आवश्यक आहे. भोपाळ संस्थानात १८१९ ते १९२६ या शतकाहून अधिक काळात चार बेगमांनी सत्ता सांभाळली. १८१९ मध्ये नवाब नझर मुहम्मद खान यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या अठरा वर्षांच्या विधवेने, कुदसिया बेगम यांनी, आपली तान्ही मुलगी सिकंदर हिला वारस ठरवून कारभार हाती घेतला. म्हणजे येथेही सुरुवात विधवा आणि माता या नात्यांनीच झाली.

भोपाळचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे ते पडद्याच्या संदर्भात. कुदसिया बेगम यांनी सत्तेवर आल्यानंतर पडदा सोडला. सिकंदर बेगम यांनी तो पाळला नाही. त्या घोडदौड करीत, राज्यात दौरे काढीत आणि १८६३-६४ मध्ये हजयात्राही करून आल्या. शाहजहान बेगम यांनी १८७१ मध्ये सिद्दिक हसन खान यांच्याशी विवाह केल्यानंतर पडदा स्वीकारला. सुलतान जहान बेगम यांनी बुरखा घालूनच राज्य चालविले, १९११ मध्ये युरोपचा प्रवास केला व १९२० मध्ये त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आयुष्याच्या अखेरीस, १९२८ मध्ये, त्यांनी पडदा सोडला. एकाच घराण्यातील चार धर्मनिष्ठ स्त्रियांचे पडद्याविषयीचे वर्तन असे वेगवेगळे होते. त्यामुळे केवळ पेहरावावरून एखाद्या नेत्याचे पुरोगामित्व किंवा धर्मनिष्ठा मोजणे किती फसवे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

फातिमा जिना : कायदे आझमच्या भगिनी

पाकिस्तानात सर्वोच्च पदासाठी निवडणूक लढविणारी पहिली स्त्री म्हणजे फातिमा जिना. त्यांच्या जडणघडणीत मुंबईचा वाटा मोठा होता. त्यांचे शालेय शिक्षण वांद्रे येथील कॉन्व्हेंटमध्ये झाले. पुढे कलकत्त्यास दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना काढला. त्या काळात मुस्लिम स्त्रीने स्वतंत्र व्यवसाय करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु १९२९ मध्ये वहिनी रत्नबाई यांचे निधन झाल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि १९४८ पर्यंत बंधूंच्या घराची व सोबतीची जबाबदारी सांभाळली. जनतेच्या मनात कोरली गेली ती हीच त्यागी बहिणीची प्रतिमा. दंतवैद्य फातिमा जिना मागे पडल्या.

राष्ट्राध्यक्षपदासाठी २ जानेवारी १९६५ रोजी निवडणूक झाली. फील्ड मार्शल अयुब खान यांच्या विरोधात सर्व विरोधी पक्षांनी ७१ वर्षांच्या फातिमा जिना यांना उभे केले. या आघाडीत मौलाना मौदूदी यांची जमात-ए-इस्लामीही होती. मौदूदी यांनी स्त्रीच्या राष्ट्रप्रमुखपदाला आपल्या लेखनात पूर्वी विरोध केला होता. तथापि, हुकूमशाही हे मोठे संकट असून अपवादात्मक परिस्थितीत स्त्रीची उमेदवारी मान्य करता येईल, अशी भूमिका त्यांनी यावेळी घेतली. दुसरीकडे अयुब खान हे स्वतःला आधुनिक म्हणवून घेणारे शासक होते. बहुपत्नीत्व व तलाक यांवर काही निर्बंध घालणारा मुस्लिम कौटुंबिक कायद्यांचा अध्यादेश १९६१ मध्ये त्यांनीच काढला होता. परंतु निवडणुकीत त्यांच्या बाजूने स्त्रीच्या राष्ट्रप्रमुखपदाविरुद्ध उलेमांचे फतवे मिळविण्यात आले. फातिमा जिना यांना पाठिंबा देणाऱ्या जमातचा मात्र याच कौटुंबिक कायद्याला कडवा विरोध होता.

आधुनिक म्हणविणारा शासक स्त्रीच्या विरोधात धर्माचा आधार घेतो आणि सनातनी पक्ष स्त्रीच्या पाठीशी उभा राहतो, हे चित्र अनेकांना विसंगत वाटेल. परंतु स्त्रीच्या नेतृत्वाविषयीच्या धार्मिक भूमिका राजकीय गरजेनुसार कशा बदलतात, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

फातिमा जिना यांना ‘मादर-ए-मिल्लत’, म्हणजे राष्ट्रमाता, ही उपाधी मिळाली होती. वय, शुभ्र पोशाख, अविवाहित जीवन आणि बंधूंचे स्मरण या सर्व गोष्टींमुळे त्यांच्या स्त्रीपणाविषयीचा संशय शिल्लक राहत नव्हता. माता या नात्याने त्या पुरुषांच्या सभांना संबोधित करू शकत होत्या, त्यांना खडसावूही शकत होत्या. या निवडणुकीत सर्व प्रौढांना मताधिकार नव्हता. ८० हजार ‘बेसिक डेमोक्रॅट’ प्रतिनिधीच मतदार होते. अयुब खान यांना सुमारे ६४ टक्के व फातिमा जिना यांना सुमारे ३६ टक्के मते मिळाली. कराची व ढाका या शहरांत मात्र त्यांनी आघाडी घेतली. त्या पराभूत झाल्या. पण स्त्री सर्वोच्च पदाची उमेदवार असू शकते, ही गोष्ट त्या निवडणुकीनंतर नवीन राहिली नाही.

बेनझीर भुट्टो : कन्या, पत्नी, माता

फातिमा जिना यांना जे वय व अविवाहितपण उपकारक ठरले, ते बेनझीर यांच्याकडे नव्हते. वडील झुल्फिकार अली भुट्टो यांना ४ एप्रिल १९७९ रोजी फाशी झाली, तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण झाले होते व ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. तरुण, अविवाहित आणि पाश्चात्त्य शिक्षण घेतलेली स्त्री ही प्रतिमा विरोधकांच्या टीकेला सोयीची होती.

या टीकेला त्यांनी तीन पातळ्यांवर उत्तर दिले. पहिली पातळी कन्येच्या नात्याची. १० एप्रिल १९८६ रोजी लाहोरला त्या परतल्या तेव्हा लोटलेला जनसमुदाय ‘भुट्टोंच्या मुली’साठी आला होता. त्यांच्या १९८८ मधील आत्मचरित्राच्या शीर्षकातही कन्या हाच शब्द आहे. दुसरी पातळी पेहरावाची. परदेशात विद्यार्थिनी असताना पाश्चात्त्य कपडे वापरणाऱ्या बेनझीर राजकारणात सलवार-कमीज आणि डोक्यावर शुभ्र दुपट्टा याच वेशात वावरल्या. हा वेश बुरख्याचा नव्हता, तसाच उघड्या डोक्याचाही नव्हता. पंजाब व सिंधमधील सर्वसामान्य स्त्री जसा दुपट्टा घेते, तसाच तो होता. हातात अनेकदा तसबीह असे. निवडणूक प्रचारात विरोधकांनी त्यांची व त्यांच्या मातोश्री नुसरत भुट्टो यांची पाश्चात्त्य वेशातील छायाचित्रे वापरली, यावरून या दुपट्ट्याचे राजकीय महत्त्व ध्यानात येते.

तिसरी पातळी विवाहाची. १८ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी आसिफ अली झरदारी यांच्याशी कुटुंबाने ठरविलेला विवाह केला. मुस्लिम समाजातील पक्षाची नेता म्हणून अविवाहित राहणे आपल्याला शक्य नव्हते, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. विवाहानंतरही त्यांनी भुट्टो हेच नाव ठेवले. पत्नी होऊनही कन्या राहण्याचा हा मार्ग होता.

मातृत्वाचा प्रश्न याहून अवघड होता. जनरल झिया-उल-हक यांनी मे १९८८ मध्ये नॅशनल असेम्ब्ली विसर्जित केली व १६ नोव्हेंबर ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. ही तारीख आपल्या बाळंतपणाचा अंदाज घेऊन ठरविली गेली, असे बेनझीर यांनी पुढे सांगितले. प्रसूतीची खरी वेळ त्यांनी गुप्त ठेवली होती. मुलगा २१ सप्टेंबरला जन्मला आणि त्या प्रचारासाठी बाहेर पडू शकल्या. जानेवारी १९९० मध्ये पंतप्रधानपदावर असताना त्यांनी मुलीला जन्म दिला. निवडून आलेल्या शासनप्रमुखाने पदावर असताना अपत्याला जन्म देण्याची ती पहिलीच नोंद मानली जाते. हे बाळंतपणही त्यांनी गाजावाजा न होऊ देता पार पाडले आणि लगेच कामाला सुरुवात केली. माता म्हणून समाज ज्या स्त्रीचा गौरव करतो, तिला प्रत्यक्ष बाळंतपण मात्र राजकीय दुबळेपणाची खूण ठरू नये म्हणून लपवावे लागते, हा या अनुभवाचा खरा अर्थ आहे.

नात्याच्या मर्यादा

कन्येचा वारसा हा नेहमीच सुरक्षित नसतो. १९९३ च्या अखेरीस बेनझीर यांचे बंधू मुर्तजा भुट्टो देशात परतले आणि भुट्टोंचा खरा वारस मुलगा की मुलगी, हा प्रश्न उभा राहिला. मातोश्री नुसरत भुट्टो मुलाच्या बाजूने झुकल्या. त्याच वर्षी पक्षाच्या सहअध्यक्षपदावरून त्यांना दूर करण्यात आले. सप्टेंबर १९९६ मध्ये मुर्तजा कराचीत पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले व दोनच महिन्यांत बेनझीर यांचे सरकार बरखास्त झाले. मुलाच्या अनुपस्थितीत कन्येचा वारसा समाज मान्य करतो. मुलगा पुढे आल्यावर तो पुन्हा तपासला जातो. पुढे २७ डिसेंबर २००७ रोजी रावळपिंडीत बेनझीर यांची हत्या झाल्यावर तीनच दिवसांत १९ वर्षांच्या मुलाकडे पक्षाचे अध्यक्षपद गेले आणि त्याच्या नावात भुट्टो हे नाव जोडण्यात आले.

दुसरी मर्यादा कायद्यांच्या बाबतीत दिसते. झिया राजवटीने १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश काढले. १९८४ च्या साक्षीच्या कायद्याने आर्थिक व्यवहारांच्या दस्तऐवजांसाठी एका पुरुषाऐवजी दोन स्त्रियांची साक्ष अशी तरतूद केली. या कायद्याच्या मसुद्याविरुद्ध १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरमध्ये स्त्रियांनी मोर्चा काढला व त्यांच्यावर लाठीमार झाला. बेनझीर यांनी हुदूद अध्यादेशांवर टीका केली होती. तरी त्यांच्या दोन्ही कारकिर्दींत (१९८८-९० आणि १९९३-९६) ते रद्द झाले नाहीत. पहिल्या कारकिर्दीत त्यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत नव्हते, सिनेटमध्ये विरोधकांचे प्राबल्य होते आणि राष्ट्राध्यक्षांना सरकार बरखास्त करण्याचा अधिकार होता. ही कारणे खरी आहेत. परंतु त्याचबरोबर, ज्या नेत्याची धर्मनिष्ठा स्त्री असल्यामुळे सतत तपासली जाते, तिला धर्माच्या नावाने केलेल्या कायद्याला हात घालणे पुरुष नेत्यापेक्षा अधिक कठीण जाते, हेही नाकारता येत नाही. अखेरीस २००६ मध्ये लष्करी शासक जनरल मुशर्रफ यांच्या काळात महिला संरक्षण कायदा झाला आणि बेनझीर यांच्या पक्षाने त्याला पाठिंबा दिला.

कायद्याऐवजी त्यांनी संस्थांवर भर दिला. १९८९ मध्ये महिलांसाठीची ‘फर्स्ट विमेन बँक’ व विद्यापीठांतील महिला अभ्यास केंद्रे सुरू झाली. १९९४ मध्ये महिला पोलीस ठाणी, उच्च न्यायालयांत महिला न्यायाधीशांच्या नियुक्त्या आणि घरोघरी जाणाऱ्या ‘लेडी हेल्थ वर्कर’चा कार्यक्रम सुरू झाला. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात पाकिस्तान १९९६ मध्ये सामील झाला. यांतील बहुतेक योजना ‘स्त्रियांची सेवा स्त्रियांनी करावी’ या समाजमान्य कल्पनेत बसणाऱ्या होत्या. म्हणूनच त्यांना विरोध कमी झाला व त्यांतील अनेक सरकारे बदलल्यावरही टिकल्या.

येथे विरोधकांच्या भूमिकेतील बदलाचीही नोंद केली पाहिजे. स्त्री-पंतप्रधानाला आक्षेप घेणाऱ्या धार्मिक पक्षवर्तुळातील मौलाना फजलुर रहमान हे बेनझीर यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय समितीचे अध्यक्ष होते.

अन्य देशांतील अनुभव

हाच अनुभव इतरत्रही आढळतो. इंडोनेशियात १९९९ च्या निवडणुकीत मेगावतींच्या पक्षाला सर्वाधिक मते मिळाली. तेव्हा स्त्री राष्ट्राध्यक्ष होऊ नये, अशी भूमिका हम्झा हाझ या इस्लामी पक्षाच्या नेत्याने घेतली. जुलै २००१ मध्ये मेगावती राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि हेच हम्झा हाझ त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. बांगलादेशात खालिदा झिया यांनी पतीच्या हत्येनंतर विधवा म्हणून व शेख हसीना यांनी वडिलांच्या हत्येनंतर कन्या म्हणून पक्षाची धुरा घेतली. २००१ मध्ये खालिदा झिया यांच्या मंत्रिमंडळात जमात-ए-इस्लामीचे दोन मंत्री होते.

इराणमध्ये वाद एका शब्दाभोवती फिरला. राज्यघटनेच्या ११५ व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष धार्मिक व राजकीय ‘रिजाल’मधून निवडला जातो. अरबीत ‘रिजाल’ म्हणजे पुरुष. परंतु फारसी व्यवहारात त्याचा अर्थ ‘मान्यवर व्यक्ती’ असाही होतो. आयतुल्लाह तालेकानी यांच्या कन्या व पहिल्या मजलिसच्या सदस्या आझम तालेकानी यांनी १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला, तो या शब्दाचा अर्थ एकदाचा स्पष्ट व्हावा म्हणून. अर्ज नामंजूर झाला. त्यानंतरही त्यांनी पुन्हा अर्ज भरले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत एकाही स्त्रीची उमेदवारी मंजूर झाली नव्हती. कायद्याच्या व धर्माच्या चौकटीत राहून, त्याच भाषेत प्रश्न विचारण्याचे हे उदाहरण आहे.

तुर्कस्तानचा अनुभव उलट दिशेचा आहे. एप्रिल १९९९ मध्ये निवडून आलेल्या मर्वे कावाकची २ मे रोजी डोक्याला रुमाल बांधून शपथविधीस आल्या. सभागृहात गदारोळ झाला, त्यांना शपथ घेता आली नाही आणि पुढे अमेरिकी नागरिकत्वाच्या कारणावरून त्यांचे तुर्की नागरिकत्वही रद्द करण्यात आले. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी चार महिला सदस्य रुमाल बांधून सभागृहात बसल्या, तेव्हा ही अडचण दूर झाली. स्त्रीच्या डोक्यावर काय असावे, हे धर्मसत्तेने ठरवो वा धर्मनिरपेक्ष सत्तेने; दोन्ही ठिकाणी तिच्या प्रतिनिधित्वापेक्षा तिचा पेहराव महत्त्वाचा ठरला, हे साम्य दुर्लक्षून चालणार नाही.

वारशाविना राजकारण

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे नामवंत घराण्यांतील आहेत. सामान्य कुटुंबातील स्त्रीला असा वारसा नसतो. तिच्यासाठी राखीव जागा हाच मार्ग उरतो. पाकिस्तानात नॅशनल असेम्ब्लीतील महिलांच्या राखीव जागांची मुदत १९८८ च्या निवडणुकीनंतर संपली. म्हणजे बेनझीर यांची दुसरी कारकीर्द सुरू झाली तेव्हा स्त्री पंतप्रधान होती, पण स्त्रियांसाठी राखीव जागा नव्हत्या. २००२ मध्ये ३४२ पैकी ६० जागा महिलांसाठी राखीव झाल्या. याच वेळी धार्मिक पक्षांच्या आघाडीनेही या जागांवर महिला पाठविल्या. त्यांत जमात-ए-इस्लामीचे प्रमुख काझी हुसेन अहमद यांच्या कन्याही होत्या.

या जागांचा दोषही स्पष्ट आहे. त्या पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात, त्यामुळे सदस्याला स्वतःचा मतदारसंघ नसतो व तिचे भवितव्य पक्षनेत्यांच्या मर्जीवर अवलंबून राहते. थेट निवडणुकीतही नात्याची सावली सुटत नाही. २००२ मध्ये उमेदवारांना पदवीची अट घालण्यात आली, तेव्हा हिना रब्बानी खर या वडिलांच्या जागी उभ्या राहून निवडून आल्या. २०११ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्या दिल्लीस आल्या असता भारतीय वृत्तपत्रांनी चर्चेतील मुद्द्यांपेक्षा त्यांची पर्स आणि मोत्यांची माळ यांचीच अधिक वर्णने छापली. स्त्री नेत्याकडे पाहण्याची ही दृष्टी एका धर्माची वा एका देशाची मिरासदारी नाही, हे यावरून दिसते.

मतदानाच्या बाबतीत २०१७ च्या निवडणूक कायद्याने दोन तरतुदी केल्या. सर्वसाधारण जागांवर प्रत्येक पक्षाने किमान ५ टक्के महिला उमेदवार द्यावेत आणि एखाद्या मतदारसंघात स्त्रियांचे मतदान १० टक्क्यांपेक्षा कमी झाल्यास निवडणूक रद्द करता यावी. या तरतुदीनुसार २०१८ मध्ये खैबर पख्तुनख्वाच्या शांगला जिल्ह्यातील एका प्रांतिक मतदारसंघाचा निकाल रद्द करून फेरमतदान घेण्यात आले. ज्या गावांत स्त्रियांना घराबाहेर न पाठविण्याबद्दल सर्व पक्षांचे स्थानिक पुढारी आपसांत एकमत करीत, तेथे स्त्रियांच्या मताशिवाय विजय टिकत नाही, हे प्रथमच कायद्याने सांगितले. एखाद्या नेत्याच्या पदग्रहणापेक्षा या तरतुदीचे महत्त्व कमी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मरियम नवाज या पंजाबच्या मुख्यमंत्री झाल्या. पाकिस्तानच्या कोणत्याही प्रांताच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री होत. १९८८ मध्ये बेनझीर यांच्या विरोधातील आघाडीचे पंजाबमधील प्रमुख नेते असलेले नवाज शरीफ हे त्यांचे वडील. एका घराण्याच्या कन्येला विरोध करणाऱ्या राजकारणाने ३५ वर्षांनी आपल्या कन्येला पुढे केले. वाट रुंद झाली आहे, पण तिचे प्रवेशद्वार अद्याप घराण्याच्या वाड्यातूनच जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्त्रीच्या नेतृत्वाला होणारा धार्मिक विरोध हा अपरिवर्तनीय नसतो. १९६५ मधील जमात, १९९३ नंतरचे फजलुर रहमान आणि २००१ मधील हम्झा हाझ यांची उदाहरणे हेच सांगतात. दुसरी, नात्याच्या आधारे मिळालेले नेतृत्व व्यक्तीला पुढे नेते, परंतु इतर स्त्रियांसाठी आपोआप वाट तयार करीत नाही. तिसरी, कायम टिकते ते संस्थांचे आणि कायद्यांचे काम : आरोग्यसेविका, महिला न्यायाधीश, राखीव जागा आणि मतदानाची किमान टक्केवारी.

अध्यापकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक उपयोग आहे. वर्गात एखाद्या महिला नेत्याचा विचार करताना तिच्या पेहरावापासून सुरुवात करण्याऐवजी तीन प्रश्न विचारता येतील. ती कोणत्या नात्याच्या आधाराने राजकारणात आली? तिला कोणी विरोध केला आणि तो कधी व का मावळला? ती पदावरून गेल्यानंतर सामान्य स्त्रीच्या हाती काय उरले? हे प्रश्न मुस्लिम समाजाला जितके लागू आहेत, तितकेच अन्य समाजांनाही लागू आहेत.

मुस्लिम विद्यार्थिनीला आज दोन बाजूंनी सल्ला मिळतो. एक बाजू तिला सांगते की दीनदार मुलीने सार्वजनिक जीवनापासून दूर राहावे. दुसरी सांगते की सार्वजनिक जीवनात यायचे तर दीन बाजूला ठेवावा. भोपाळच्या बेगमांपासून आझम तालेकानींपर्यंतचा इतिहास दोन्ही सल्ले खोटे ठरवितो. तो इतिहास तिच्यापर्यंत पोहोचविताना बेनझीर यांच्या शपथविधीचे छायाचित्र दाखवून थांबता कामा नये. त्या छायाचित्राबरोबर लपवाव्या लागलेल्या बाळंतपणाची व रद्द न झालेल्या कायद्याची गोष्टही सांगितली गेली पाहिजे. तरच नामवंत घराण्यात जन्म न घेतलेल्या मुलीलाही आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळात वा आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत स्वतःच्या नावाने उभे राहण्याचे बळ मिळेल.